विहारयात्रा आणि धर्मयात्रा

विरारच्या पूर्वेस मनवेलपाडा म्हणून वस्ती आहे. ‘पाडा’ ह्या शब्दानें झाडांआडच्या चार घरांचें जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, त्याचा तेथें आतां मागमूसहि नाहीं. चाळी आणि इमारती यांची दाटी झाली आहे, आणि सकाळच्या गाडीनें मुंबईकडे पोटामागें धांवणारीं माणसें हीच त्या वस्तीची ओळख होऊन बसली आहे. अशा वस्त्यांतला एखादा तरुण हल्लीं मुंबईच्याहि पलीकडे जातो. यंत्रांची पाहणी, मालाची खरेदी, कारखान्यांतील शिक्षण अशा कामांसाठीं चीनला जाऊन आलेला मुलगा आमच्या मध्यमवर्गीय घरांत आतां नवलाचा राहिलेला नाहीं. काम उरकून एक दिवस मोकळा मिळाला, कीं तो चीनची भिंत पाहतो, पेकिंगचा राजवाडा पाहतो, छायाचित्रें घेतो आणि परत येतो. ह्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु कामासाठीं केलेला प्रवास आणि प्रेक्षणीय स्थळांचें दर्शन ह्या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. आणि तो विचार करण्यास मनवेलपाड्याइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल. कारण तेथून थोड्याच अंतरावर सोपारें आहे, आणि ह्या प्रश्नाचें एक फार जुनें उत्तर सोपाऱ्याच्या दगडावर कोरलेलें मिळालें आहे.

सोपारें म्हणजे अपरान्ताचें प्राचीन बंदर शूर्पारक. बौद्ध कथांत त्याचें नांव वारंवार येतें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखलें जाणारें येथील टेकाड उकरलें, तेव्हां तें एका स्तूपाचें निघालें. पोटांत एक मोठा दगडी करंडा, त्यांत तांबें, रुपें, दगड, स्फटिक आणि सोनें यांच्या एकांत एक ठेवलेल्या डब्या, आठ लहान ब्राँझमूर्ति, आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून भक्तिभावानें जपलेले मातीचे तुकडे असा ऐवज हातीं आला. त्याच वर्षीं भाटेळा तळ्याजवळ एक फुटका शिलाखंड मिळाला. त्यावरील ब्राह्मी अक्षरें अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचीं होतीं. पुढें १९५६ सालीं भुईगांवास नवव्या शासनाचा तुकडा सांपडला. चौदा शासनांपैकीं एवढे दोनच अवशेष ह्या किनाऱ्यानें आमच्यासाठीं राखून ठेविले आहेत.

योगायोग असा, कीं ह्या आठव्या शासनाचा विषय प्रवास हाच आहे. सोपाऱ्याचा तुकडा अपुरा असला, तरी गिरनार वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून त्याचा संपूर्ण आशय कळतो. पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत, तींत मृगया आणि तशाच इतर करमणुकी असत, असें सम्राट सांगतो. आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षें झालीं असतां संबोधीस म्हणजे बोधगयेस गेलों, आणि तेव्हांपासून विहारयात्रेच्या जागीं धर्मयात्रा आली, असें तो नमूद करतो. ह्या धर्मयात्रेंत काय करावयाचें, हेंहि त्यानें सांगून ठेविलें आहे. श्रमण-ब्राह्मणांस भेटावें व दान करावें, वृद्धांची विचारपूस करून त्यांस साहाय्य द्यावें, आणि जनपदांतील लोकांस भेटून त्यांच्याशीं धर्माविषयीं बोलावें. ह्या सर्वांत आपणांस अधिक आनंद वाटतो, असा शेवटीं त्याचा अनुभव आहे.

हें शासन वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. एक तर अशोकानें प्रवास बंद केला नाहीं, आनंदहि त्याज्य ठरविला नाहीं. त्यानें फक्त हेतु बदलला. दुसरी गोष्ट अशी, कीं धर्मयात्रेचा आरंभ एका प्रसिद्ध स्थळाच्या दर्शनानें झाला असला, तरी तिचा तपशील सर्वस्वीं माणसांच्या भेटींचा आहे. झाड, दगड, मनोरा यांचा त्यांत उल्लेख नाहीं. म्हणजे स्थळ हें निमित्त आणि माणूस हें प्रयोजन, असा हा हिशेब आहे.

चीन आणि भारत यांच्यामधील जुन्या जाण्यायेण्यास हाच हिशेब लावून पाहावा. सातव्या शतकांत ह्युएनत्संग आमच्याकडे आला तो ग्रंथ मिळविण्याच्या कामासाठीं. वाटेंत त्यानें बुद्धाच्या चरित्राशीं निगडित असलेलीं बहुतेक सर्व स्थळें पाहिलीं. सुमारें ६४१ सालीं तो महाराष्ट्रांतहि आला. हर्षासारख्या सम्राटालाहि ज्याचा पाडाव करतां आला नाहीं, तो दुसरा पुलकेशी तेव्हां येथें राज्य करीत होता. येथील डोंगरांत कोरलेल्या एका भव्य विहाराचें वर्णन ह्युएनत्संगानें केलें आहे, आणि तें अजिंठ्याचें असावें असें विद्वान् मानतात. पण आमच्या लोकांस त्याच्या ग्रंथांतील जो भाग पाठ झाला आहे, तो लेण्यांचा नव्हे. येथील माणसें उपकार विसरत नाहींत व अपमानहि विसरत नाहींत, हा जो स्वभाव त्यानें टिपून ठेविला, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. ६४५ सालीं तो ६५७ ग्रंथ घेऊन चांगआन् येथें, म्हणजे आजच्या सिआनला, परतला. उरलेलें आयुष्य त्यानें भाषांतरांत घालविलें. ते ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ सालीं जो मनोरा बांधण्यांत आला, तो ‘हंसमनोरा’ आज सिआनचें प्रमुख प्रेक्षणीय स्थळ आहे. काम आधीं झालें, मनोरा मागाहून आला, हा क्रम वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

इकडून तिकडे गेलेल्यांतहि असाच एक प्रसंग सांगतात. उत्तर चीनमधील वूताई पर्वत हें मंजुश्रीचें स्थान मानलें जातें. बुद्धपाली नांवाचा एक भिक्षु त्याच्या दर्शनासाठीं ६७६ सालीं तेथें पोंचला. डोंगरांत त्यास एक वृद्ध भेटला आणि त्यानें विचारलें, ‘अमुक सूत्र बरोबर आणलें आहेस काय?’ आणलें नव्हतें. ‘मग रिकाम्या हातानें दर्शन घेऊन काय उपयोग? परत जा आणि तें घेऊन ये,’ असें तो वृद्ध म्हणाला. भिक्षु हजारों मैलांची वाट तुडवीत परत गेला आणि ग्रंथ घेऊन पुन्हां चीनला आला. तो वृद्ध म्हणजेच मंजुश्री, असा कथेचा उलगडा आहे. चमत्कार बाजूस ठेविला, तरी दर्शनास येणाऱ्यानें कामाची शिदोरी आणावी, हें तिचें तात्पर्य आमच्या सोपाऱ्याच्या दगडाशीं किती जुळतें!

ह्याच वूताई पर्वताच्या मुलखांत, आणि तेथून पूर्वेकडे पसरलेल्या होपेई प्रांताच्या डोंगरांत, ह्या कथेनंतर साडेबाराशें वर्षांनीं एक मराठी माणूस असाच कामाची शिदोरी घेऊन आला. तो सोलापूरचा होता आणि त्याच्या शिदोरींत शस्त्रक्रियेचीं हत्यारें होतीं.

७ जुलै १९३७ रोजीं पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर जपानी व चिनी सैन्यांत चकमक झाली आणि तिचें पर्यवसान महायुद्धांत झालें. चिनी आठव्या पायदळ सेनेचे सेनापति चू-ते यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंति केली. १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनीं देशास आवाहन केलें. सुमारें बावीस हजार रुपयांचा निधि जमला आणि पांच डॉक्टरांचें पथक निवडण्यांत आलें. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धांत काम करून आलेले असे ते अनुभवी गृहस्थ. बंगालचे डॉ. विजयकुमार बसु व डॉ. देवेश मुकर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे बाकीचे चौघे. पांचांत दोघे मराठी होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असावी.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. ते विशीच्या उंबरठ्यावर असतांना, १९३० सालीं, सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला होता, आणि त्या चळवळीतील चौघांना पुढील वर्षाच्या आरंभीं फांशीं देण्यांत आलें होतें. अशा गांवचा हा मुलगा मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत शिकून डॉक्टर झाला. घरीं धाकटीं भावंडें, वडिलांच्या अपेक्षा, पुढील परीक्षेची तयारी असा जो प्रपंच कोणत्याहि मध्यमवर्गीय घरांत असतो, तो त्यांच्याहि मागें होता. वय सत्तावीस वर्षांचें. १ सप्टेंबर १९३८ रोजीं ‘राजपुताना’ बोटीनें पथक मुंबईहून निघालें.

ह्या प्रवासाचा मार्ग नकाशावर पाहिला, तर आजच्या प्रवाशास हेवा वाटेल. हाँगकाँगवरून कँटन, तेथें सन् यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनीं पाहुण्यांचें स्वागत केलें. बोधिधर्म ज्या किनाऱ्यावर उतरला असें परंपरा सांगते, तें हेंच शहर. नंतर यांगत्सी नदीवरचें हँकाऊ. पलीकडच्या तीरावर, वूचांग येथें, ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या कवींनीं कविता केल्या तो पीतक्रौंच मनोरा. परंतु पथक आलें तेव्हां मनोरा नव्हताच. तो १८८४ सालीं जळाला आणि आज प्रवासी जो पाहतात तो १९८५ मध्यें उभा राहिला. डॉक्टरांच्या वांट्यास आलीं तीं जखमींनीं भरलेलीं रुग्णालयें. ऑक्टोबर संपण्यापूर्वींच कँटन आणि हँकाऊ हीं दोन्ही शहरें जपान्यांच्या हातीं गेलीं. पथक नदीच्या वरच्या अंगास चुंगकिंगला सरकलें. तेथें पांचहि जणांनीं चिनी नांवें घेतलीं. प्रत्येकाच्या नांवाच्या शेवटीं ‘हुआ’ म्हणजे चीन हें अक्षर होतें. कोटणिसांचें झालें के ति-हुआ. येथेंच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत जाण्याचा मार्ग मोकळा होता, आणि कोणी नांवें ठेवलीं नसतीं. ते परतले नाहींत.

जानेवारी १९३९ मध्यें पथक उत्तरेकडे निघालें. ह्युएनत्संगाचा मनोरा ज्या सिआन शहरांत आहे, त्याच शहरावरून हा रस्ता येनानला जातो. १२ फेब्रुवारी १९३९ रोजीं तें येनानला पोंचलें. जुनें गांव विमानांच्या माऱ्यानें उद्ध्वस्त झालें होतें, आणि माणसें पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांत राहात होतीं. रुग्णालय गुहांत, शाळा गुहांत, सभाहि गुहांत. टेकडीवर एक जुना बौद्ध मनोरा तेवढा दुरून दिसे. आमच्या सह्याद्रींतील भिक्षूंनीं ध्यानासाठीं डोंगर कोरले. येथें जीव वांचविण्यासाठीं कोरले होते.

पथकांतील तिघे क्रमाक्रमानें मायदेशीं परतले: डॉ. चोळकर व डॉ. मुकर्जी १९३९ मध्यें, डॉ. अटल १९४० मध्यें. बसु आणि कोटणीस आघाडीकडे गेले. पुढें बसु येनानच्या रुग्णालयांत परतले आणि १९४३ पर्यंत तेथें राबले. कोटणीस शान्सी, चाहार व होपेई ह्या प्रांतांच्या सीमेवरील लढाऊ मुलखांत राहिले. कॅनडाहून आलेले प्रख्यात शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांनीं तेथें कामाचा पाया घातला होता. शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेल्या जखमेंतून विष भिनून ते १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं वारले. त्यांच्या नांवें काढलेल्या वैद्यकशाळेंत कोटणीस शिकवूं लागले, आणि जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले प्रमुख झाले.

‘रुग्णालय’ ह्या शब्दानें वाचकांची समजूत चुकूं नये. शत्रूची चाहूल लागतांच उठून दुसऱ्या गांवीं जाणारें, शेतकऱ्यांच्या घरांतून खाटा मांडणारें तें रुग्णालय होतें. औषधें तुटपुंजीं, भूल देण्याच्या साधनांची वाण, थंडी हाडें गोठविणारी. १९४० च्या एका मोठ्या लढाईंत कोटणिसांनीं बहात्तर तास झोंप न घेतां शस्त्रक्रिया केल्या, आणि तेरा दिवसांत आठशेंवर जखमी त्यांच्या हाताखालून गेले, असें सांगतात. पण आमच्या मतें ह्या पराक्रमाहूनहि थोर अशी एक गोष्ट आहे. ते चिनी भाषा बोलावयास, वाचावयास आणि तींत शिकवावयास शिकले. बाहेरून आलेला तज्ज्ञ दुभाष्याच्या मार्फत चार महिने काम करून जाऊं शकतो. ज्यास आपल्यामागें काम चालू राहावें असें वाटतें, त्यास मात्र विद्यार्थी तयार करावे लागतात, आणि विद्यार्थी तयार करण्यास त्यांचीच भाषा लागते. शस्त्रक्रियेवरील एक पाठ्यपुस्तक त्यांनीं त्या विद्यार्थ्यांसाठीं लिहून पुरें केलें, आणि दुसरें अर्ध्यावर राहिलें. ह्युएनत्संग पोथ्या घेऊन गेला होता. कोटणिसांनीं पोथी तेथेंच लिहिली.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजीं त्यांनीं त्या शाळेंतील परिचारिकांच्या शिक्षिका को चिंग-लान यांच्याशीं विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं मुलगा झाला, त्याचें नांव यिन्-हुआ, म्हणजे भारत-चीन. त्याच सालीं कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ह्या सुमारास त्यांस अपस्माराचे झटके येऊं लागले होते. तरी विश्रांति त्यांनीं घेतली नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं होपेई प्रांतांतील एका खेड्यांत त्यांचें निधन झालें. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचें.

येथें एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९४२ च्या ऑगस्टमध्यें आमच्या देशांत ‘चले जाव’चा वणवा पेटला होता. माणसें तुरुंगांत जात होतीं, गोळ्या खात होतीं. अशा वेळीं एका कर्त्या मराठी डॉक्टरानें परक्या देशाचे जखमी बांधीत बसावें, हें स्वदेशाशीं कितपत इमान? घर जळत असतां शेजाऱ्याची आग विझविणें कोणतें शहाणपण? घरच्यांच्या वतीनें तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. वडील गेले असतां मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आईला कोणत्या तत्त्वज्ञानानें समजवावें?

आईच्या प्रश्नास उत्तर नाहीं, असें आम्ही मानतों. तें नुकसान नुकसानच राहिलें. पहिल्या आक्षेपास मात्र उत्तर आहे. हें पथक कोणा एकाच्या लहरीनें गेलेलें नव्हतें. ज्या देशास स्वतःचा वकील परराज्यांत नेमण्याचा अधिकार नव्हता, सैन्य ज्याचें म्हणून नव्हतें, त्या देशानें वर्गणी काढून दुसऱ्या संकटग्रस्त राष्ट्रास पाठविलेलें तें पथक होतें. आपण परतंत्र असूं, पण कोणाच्या बाजूनें उभें राहावयाचें हें ठरविण्यापुरते स्वतंत्र आहों, हें त्या पांच डॉक्टरांनीं जगास दाखविलें. शिवाय जखम बांधणाऱ्यास जखमीचें राष्ट्र विचारावयाचें नसतें, हा त्यांच्या धंद्याचा धर्मच आहे. पक्षाच्या मतांविषयीं ज्याला जें वाटावयाचें तें वाटो. धर्मयात्रेची जी यादी सम्राटानें सोपाऱ्यास कोरविली, तींतील एकहि कलम ह्या प्रवासांत चुकलेलें नाहीं.

आतां त्या मूळ प्रश्नाकडे वळूं. कोटणिसांची समाधि आज शिजियाझ्वांग शहरांतील हुतात्म्यांच्या उद्यानांत आहे. बेथ्यून यांचीहि तेथेंच आहे. १९७६ सालीं तेथें कोटणिसांचें स्मारकगृह झालें. मधल्या काळांत, १९६२ मध्यें, दोन्ही देशांत युद्ध होऊन मनें दुरावलीं होतीं; तरी ही आठवण पुसली गेली नाहीं. चीननें १९८२ मध्यें आणि भारतानें १९९३ मध्यें त्यांचीं टपाल-तिकिटें काढलीं. मुलगा यिन्-हुआ वैद्यकीचें शिक्षण घेत असतां १९६७ सालीं ऐन तारुण्यांत वारला. को चिंग-लान अनेक वेळां भारतांत येऊन सासरच्या माणसांस भेटून गेल्या. २०१२ मध्यें त्यांचें निधन झालें. आमच्याकडे १९४४ सालीं ख्वाजा अहमद अब्बास यांनीं ही हकीकत पुस्तकरूपानें सांगितली, आणि १९४६ मध्यें व्ही. शांताराम यांनीं तिच्यावर चित्रपट काढून कोटणिसांची भूमिका स्वतः केली. सोलापुरांतील कोटणिसांच्या घराचें आतां स्मारक झालें आहे. चित्रपटानें नांव घरोघर पोंचविलें, हें त्याचें उपकारक काम, पण डॉ. चोळकर नांवाचा नागपूरचा एक डॉक्टर त्याच बोटीनें गेला होता, हें किती घरांत ठाऊक आहे? जो परत येतो त्याचें काम आम्ही लवकर विसरतों.

मनोरे, राजवाडे आणि भिंती कोणी तरी कांहीं तरी कामासाठींच बांधल्या. काम संपलें, बांधणारे गेले, आणि वास्तु प्रेक्षणीय झाली. माणसाचेंहि तसेंच आहे. कोटणीस चीनचीं ऐतिहासिक स्थळें पाहण्यास गेले नव्हते. ते काम करावयास गेले, तेथें त्यांचें काम रुजलें, आणि आतां तेच त्या देशाचें एक ऐतिहासिक स्थळ झाले आहेत. शिजियाझ्वांग पेकिंगच्या नैर्ऋत्येस, कँटनकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावर आहे. चीनला कामानिमित्त जाणाऱ्या आमच्या तरुणांनीं भिंत अवश्य पाहावी, राजवाडा पाहावा. मात्र एक दिवस अधिक मिळाला, तर ह्या समाधीपाशींहि जावें. आणि ज्या चिनी माणसांबरोबर काम केलें, त्यांचीं नांवें, त्यांची बोली, त्यांचीं सुखदुःखें यांतील थोडें तरी बरोबर घेऊन परतावें. तेवढ्यानें नोकरीच्या फेरीची धर्मयात्रा होईल असें नाहीं. पण ती निव्वळ विहारयात्राहि राहणार नाहीं.